पैसे कोणत्या वाटेनं गेले, ते आधी बघा

“सप्रेम नमस्कार. मी बडोद्याला, दांडिया बाजारात राहते. वय ६४. आठ महिन्यांपूर्वी हे गेले. बँकेचं सगळं तेच बघायचे. खातं दोघांच्या नावावर आहे. मकरपुऱ्याच्या कारखान्यातून निवृत्त होताना मिळालेले पैसे त्यातच आहेत. परवा पासबुक भरून आणलं, तर काय काय कट झालेलं दिसलं. दर महिन्याच्या पाच तारखेला २९९. दर महिन्याला चारशे चाळीसच्या आसपास काहीतरी, पण आकडा कधीच सारखा नाही. मध्येच १७ रुपये ७० पैसे, एकदा २३६, मे महिन्याच्या शेवटी २०. दर दहा तारखेला १०००. आणि एप्रिलमध्ये २ रुपये, तीन दिवसांनी ४९९, मग जुलैत पुन्हा ४९९. फोनमध्ये बघितलं तर हे ४९९ पहाटे पाचला गेलेले. घरात सगळे झोपलेले असतात. मला मेसेज एकही येत नाही. सून म्हणते, ‘आई, तुम्हीच कुठेतरी दाबलं असणार.’ मला नातवाचा संशय येतो. बारा वर्षांचा आहे, माझ्या फोनवर खेळतो. मुलाला सांगितलं तर तो पोरावर हात उचलेल, म्हणून गप्प आहे. बँकेत यांच्या मृत्यूचा दाखला अजून दिलेला नाही. शेजारच्या बेन म्हणाल्या, दिला की खातं बंद होतं. काय करू?”

ताई, नमस्कार.

आधी नातवाला आणि स्वतःलाही मोकळं करा. तुम्ही लिहिलेल्या बहुतेक नोंदींशी त्याचा काही संबंध दिसत नाही, आणि तुम्ही कुठे दाबल्यामुळेही त्या आलेल्या नाहीत. एका नोंदीबद्दल त्याच्याशी बोलावं लागेल. ते कसं, हे पुढे सांगते.

दाखल्याचं मात्र थांबवू नका. तुमच्या शेजारणीनं काळजीपोटीच सांगितलं असेल, पण दोघांच्या नावावरच्या खात्याला ते लागू नाही. बहुतेक नवरा-बायकोंची खाती ‘ईदर ऑर सर्व्हायव्हर’ या पद्धतीची असतात; दोघांपैकी एक गेलं तर मागे राहिलेल्याला खातं चालवता येतं. पासबुकाच्या पहिल्या पानावर ही पद्धत लिहिलेली असते, बघून घ्या. दाखला दिल्यावर यजमानांचं नाव खात्यावरून कमी होतं, त्यांचं कार्ड बंद होतं, आणि खातं तुमचं म्हणून पुढे चालू राहतं. दाखला न दिल्यानं उलट नुकसान होतंय: त्यांच्या नावानं, त्यांच्या फोनवरून पूर्वी दिलेल्या परवानग्या अजून जिवंत आहेत आणि त्या परवानग्यांवर पैसे जातायत.

तुम्हाला मेसेज का येत नाही, याचं उत्तरही इथेच आहे. कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांसाठी रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि १ ऑक्टोबर २०२१पासून तो पूर्णपणे लागू आहे. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना द्यायची. त्यात कोण कापणार, किती आणि कधी, हे सांगायचं. आणि नको असेल तर थांबवायची सोय द्यायची. यूपीआयच्या ऑटोपेतही आधी सूचना येते. म्हणजे सूचना जात असणारच. पण ती जाते खात्यावर नोंदवलेल्या नंबरवर किंवा ईमेलवर. सगळं यजमान बघायचे म्हणता, तर मेसेजसाठी दिलेला नंबर त्यांचाच असणार. त्यांचा फोन कपाटात असेल आणि सूचना तिथे येऊन पडत असतील. ऑटोपेला पैसे कापायच्या वेळी फोन चालू लागत नाही, हातात कुणी धरावा लागत नाही. परवानगी एकदा दिली की बाकीचं बँकेच्या यंत्रणेतच होतं.

म्हणून तो फोन टाकून देऊ नका, कुणाला वापरायला देऊ नका आणि त्याचं सिम लगेच बंद करू नका. लहानातला लहान रिचार्ज मारून महिनाभर चालू ठेवा. रिचार्ज न केलेला नंबर काही महिन्यांनी बंद होतो आणि पुढे दुसऱ्या कुणाच्या वाट्याला जातो. बँकेचे मेसेज परक्या माणसाच्या फोनवर जायला लागण्याआधी तो नंबर खात्यावरून उतरवलेला असला पाहिजे.

आता नोंदी. मी बँकेत नोकरी केलेली बाई आहे. काउंटरवर येणारी माणसं पासबुकातल्या आकड्यावर बोट ठेवून विचारायची, “हे कशाचे?” आकड्यावरून क्वचितच सांगता यायचं. आकड्याच्या आधी जो मजकूर असतो, तो वाचावा लागतो. त्यात विकणाऱ्याचं ओळखीचं नाव असेलच असं नाही. पैसे घेणारी मधली कंपनी वेगळी असते, तिचंच नाव छापून येतं. पण पैसे कोणत्या वाटेनं गेले हे त्या मजकुरावरून नक्की कळतं. यूपीआयनं गेले, कार्डावरून गेले, एनएसीएचनं (विमा, कर्ज, गुंतवणूक यांचे हप्ते कापायची बँकांची यंत्रणा) गेले की बँकेनं स्वतः घेतले, अशा चारच वाटा धरा. वाट कळली की विचारायचं कुणाला आणि थांबवायचं कुठे, दोन्ही कळतं. नाव नंतर शोधता येतं.

पासबुकावर मात्र हे काम होणार नाही. बडोद्यात १९०८ साली सयाजीराव महाराजांच्या पुढाकारानं बँक उभी राहिली, त्यामुळे इथल्या घरांमध्ये पासबुक जपायची सवय जुनीच असणार, आणि चांगलीच आहे. पण पासबुकाच्या एका ओळीत जागा कमी असते आणि मजकूर अर्ध्यावर तुटतो. शाखेतून तेरा महिन्यांचं स्टेटमेंट मागा. बाराच मागितलं तर वर्षातून एकदा कापली जाणारी रक्कम एकदाच दिसेल आणि ती दरवर्षीची आहे हे लक्षात येणार नाही. नोंदींमध्ये पुरेसा तपशील द्यावा, बँकेनं शुल्क घेतलं असेल तर ते कशाचं हे लिहावं, असं रिझर्व्ह बँकेनं २०१७मध्ये बँकांना सांगितलेलं आहे. त्यामुळे “ही नोंद कशाची, सांगा” असं विचारण्यात संकोच नको.

स्टेटमेंट इंग्रजीत येईल. दुपारी नातवाला शेजारी बसवा आणि त्याला वाचायला सांगा. तुमच्या संशयाची काडीमात्र जाणीव न देता. हे मी मुद्दाम सांगतेय: बारा वर्षांच्या मुलाला आजीनं विश्वासानं मदतीला घेतलं, तर ४९९ची ओळ आल्यावर तो स्वतःहून बोलायची शक्यता जास्त.

सोप्या नोंदींपासून सुरुवात करते. १७ रुपये ७० पैसे बघून तुम्ही घाबरलात, पण ही बँकेची स्वतःची वाट आहे. बँकेच्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणून अशा विचित्र रकमेला १.१८नं भागून बघायचं. १७.७०चे बरोबर १५ होतात. मेसेजसाठी तिमाहीला १५ रुपये घेणं अनेक बँकांमध्ये चालतं. २३६चे २०० होतात. हे बहुधा डेबिट कार्डाचं वार्षिक शुल्क. भागाकार पूर्ण आकड्यात आला की बँकेचं शुल्क किंवा इथल्याच एखाद्या कंपनीचं बिल समजा. २३६च्या ओळीत कार्डाचे शेवटचे चार आकडे असतील तर ते कार्ड तुमचं की त्यांचं, ते पाहा. त्यांचं असेल तर पुढच्या वर्षी हे शुल्क द्यायचं कारणच नाही.

मे महिन्याच्या शेवटचे २० रुपये सरकारी अपघात विम्याचे आहेत, प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यू झाला तर २ लाख, विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे, वयाची अट १८ ते ७०. हप्ता मेच्या अखेरीस आपोआप कापला जातो. दोघांच्या खात्यात हा विमा प्रत्येकाला वेगळा घेता येतो, तेव्हा तो कुणाच्या नावानं आहे हे शाखेत विचारा. तुमच्या नावाचा असेल तर चालू राहू द्या. यजमानांच्या नावाचा असेल तर बंद करायला सांगा. त्यांचं जाणं अपघातामुळे झालं असेल (पत्रात तुम्ही ते लिहिलेलं नाही), तर मात्र आधी दाव्याचं विचारा.

आता २९९. दर महिन्याला, एकाच तारखेला, एकच ठरलेला आकडा, हे सभासदत्वाचं लक्षण. स्टेटमेंटमध्ये ‘यूपीआय’ आणि ‘मँडेट’ (म्हणजे पैसे कापायची आगाऊ परवानगी) किंवा ‘ऑटोपे’ असं काही लिहिलेलं असेल. त्यापुढे बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो, तो उतरवून ठेवा. बँकेला त्यावरूनच व्यवहार सापडतो. नावाच्या जागी ‘गूगल प्ले’ दिसलं, तर पैसे गूगलनं स्वतःच्या वस्तूचे घेतले असं लगेच समजू नका. त्या दुकानातून घेतलेल्या कोणत्याही ॲपचे पैसे त्याच नावानं दिसतात. भजनांचं ॲप, पंचांगाचं ॲप, वर्तमानपत्र, सगळं एकाच नावाखाली. आयफोन असेल तर अ‍ॅपलचं तसंच. खरं नाव यजमानांच्या ईमेलमध्ये मिळेल. त्यांचा फोन उघडता येत असेल तर जीमेलमध्ये रिसीट, सबस्क्रिप्शन, रिन्यूअल, इनव्हॉइस हे शब्द एकेक टाकून शोधा. गूगलच्या पावतीवर ‘जीपीए’नं सुरू होणारा ऑर्डर नंबर असतो आणि ॲपचं नाव असतं. प्ले स्टोअरमध्ये वर कोपऱ्यातल्या गोल चित्रावर दाबलं की पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स असा पर्याय येतो. चालू असलेली सगळी सभासदत्वं तिथे एका पानावर दिसतात. ज्या दिवशी पैसे जातात ती तारीखही तिथे असते.

एक गैरसमज फार घरांत बघते. ॲप फोनमधून काढून टाकलं की पैसे थांबतात, असं लोकांना वाटतं. थांबत नाहीत. कार्ड बंद केलं की सगळंच थांबेल, हेही खरं नाही. यूपीआयवर दिलेली परवानगी कार्डाशी बांधलेली नसते. ज्या वाटेनं पैसे जातात त्याच वाटेवर परवानगी रद्द करावी लागते.

यजमानांच्या फोनमधलं यूपीआय उघडून, त्यांचा पिन आठवून मँडेट रद्द करायचा मोह होईल. ते करू नका. गेलेल्या माणसाच्या पिननं केलेला कुठलाही व्यवहार पुढे तुमच्याच अंगाशी येऊ शकतो. त्यांच्या फोनमधून फक्त वाचा आणि लिहून घ्या. रद्द करण्याचं काम शाखा करेल, आणि त्यासाठी तुमच्याकडे यादी तयार हवी.

चारशे चाळीसच्या आसपासची नोंद मला कार्डावरची आणि परदेशी वाटते. रक्कम दर महिन्याला थोडी हलते, कारण किंमत डॉलरमध्ये ठरलेली असते आणि त्या दिवशीच्या दरानं तिचे रुपये होतात. पाच डॉलरच्या आतबाहेरची एखादी सेवा असेल: फोटो साठवायची जागा, बुद्धिबळाचं ॲप, बाहेरचं वर्तमानपत्र. परदेशी चलनाच्या व्यवहारावर बँका साधारण दोन ते साडेतीन टक्के जादा घेतात आणि त्या जादा रकमेवर जीएसटी लावतात. म्हणून स्टेटमेंटमध्ये त्याच सुमारास दहा-पंधरा रुपयांची आणखी एखादी ओळ दिसते का, तेही नातवाला शोधायला सांगा. दिसली तर ती याचीच शेपटी. यजमानांचं डेबिट कार्ड बंद झालं की ही वाट आपोआप बंद होईल. तरी अर्जात तिचा वेगळा उल्लेख करा.

दहा तारखेच्या १००० रुपयांवर मला जास्त वेळ थांबायचं आहे, कारण हे जाणारे पैसे नसून तुमचे येणारे पैसे असू शकतात. त्या ओळीत ‘एसीएच’ किंवा ‘एनएसीएच’ लिहिलेलं असेल, तर ती विम्याच्या हप्त्याची, कर्जाच्या हप्त्याची किंवा म्युच्युअल फंडातल्या एसआयपीची वाट आहे. त्यापुढे कंपनीचं नाव किंवा त्याची आद्याक्षरं असतात. ते नाव नीट वाचून घ्या. यजमान दर महिन्याला हजार रुपये कुठेतरी गुंतवत होते आणि तुम्हाला सांगायचं राहून गेलं, असं असेल, तर आजवर साठलेली सगळी रक्कम नॉमिनी म्हणून तुमच्याकडे यायला हवी. फंडाच्या कार्यालयात किंवा ज्या बँकेमार्फत गुंतवणूक केली तिथे मृत्यूचा दाखला, तुमचं पॅन, आधार आणि खात्याचा तपशील देऊन युनिट्स तुमच्या नावावर करून घेता येतात. जीवन विम्याचा हप्ता असेल तर दावाच करायचा आहे. आणि दोघांचा मिळून आरोग्य विमा असेल तर हप्ता थांबवण्याआधी विमा कंपनीशी बोला. हप्ता चुकला तर तुमचं संरक्षणही जाऊ शकतं.

म्हणून शाखेत जाऊन “सगळं बंद करा” असं सांगू नका. साहेब बंद करतीलही, आणि सहा महिन्यांनी दवाखान्यात कळेल की विमा उरलेला नाही. एनएसीएचची ओळ ओळखेपर्यंत हात लावू नका, सभासदत्वाच्या बाकीच्या नोंदी निर्धास्तपणे थांबवा.

आता २ रुपये आणि ४९९. ही परवानगी तुमच्या फोनवरून गेलेली दिसते. तीन दिवस २ रुपयांत वापरून बघा, अशी जाहिरात खेळांमध्ये, गोष्टींच्या आणि मालिकांच्या ॲपमध्ये सारखी येते. २ रुपये म्हटल्यावर कुणालाही वाटतं, गेले तर गेले. पण यूपीआयचा पिन टाकतो तो २ रुपयांसाठी नसतो. पिनच्या आधी जो पडदा येतो त्यावर सगळं लिहिलेलं असतं: रक्कम नेमकी की ‘इतक्या रुपयांपर्यंत’, किती वेळा कापायची (दर आठवड्याला, दर महिन्याला, दर तीन महिन्यांनी किंवा कंपनी मागेल तेव्हा), आणि परवानगी कोणत्या तारखेपर्यंत. ती शेवटची तारीख कित्येकदा वीस-तीस वर्षांनंतरची असते. अक्षर बारीक, खाली मोठं रंगीत बटण. आणि एकदा ही परवानगी दिली की १५ हजारांपर्यंतची रक्कम पुढे पिन न विचारता जाऊ शकते. नातवानं ते बटण दाबलं असेलही, पण पिनशिवाय परवानगी पुरी होत नाही. पिन त्याला माहीत असेल, किंवा त्यानं “आजी, दोन रुपये हवेत” म्हटलं आणि तुम्हीच टाकून दिला असेल. दोन्हींपैकी काहीही झालं असलं तरी मोठ्या माणसांना फसवणारा पडदा बारा वर्षांच्या मुलानं ओळखावा ही अपेक्षाच चूक आहे. अशा युक्त्यांविरुद्ध केंद्र सरकारनं ३० नोव्हेंबर २०२३ला मार्गदर्शक नियम काढले. त्यात तेरा प्रकार नावानिशी दिले आहेत, आणि सभासदत्वात अडकवून बाहेर पडणं अवघड करणं हा त्यातलाच एक. तुमच्या मुलाला हे वाक्य जरूर वाचून दाखवा. हात उचलण्याजोगं यात पोराच्या बाजूनं काही नाही.

पहाटे पाचची भीतीही काढून टाका. कुणी रात्री जागून तुमच्या खात्यात शिरत नाही. ऑटोपेची कामं गर्दीच्या वेळी करू नयेत असं यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय देयक महामंडळानं ठरवलं. १ ऑगस्ट २०२५पासून ती सकाळी दहाच्या आधी, दुपारी एक ते पाच किंवा रात्री साडेनऊनंतर होतात. पहाट त्यात बसते. याची सूचना तुमच्या यूपीआय ॲपमध्ये आदल्या दिवशी आली असणार. वरच्या घंटेच्या खुणेखाली, ऑफर आणि कूपनांच्या ढिगात ती दिसली नसेल.

ही नोंद तुम्ही घरी बसून थांबवू शकता. तुमचं यूपीआय ॲप उघडा, प्रोफाइलच्या चित्रावर दाबा, ऑटोपे किंवा मँडेट्स असं लिहिलेलं शोधा. चालू परवानग्यांची यादी येईल. ४९९ची निवडा, कॅन्सल किंवा रिव्होक करा, तुमचा पिन टाका. यादीत ती ‘पॉज्ड’ दिसली तर पुरेसं नाही, ‘कॅन्सल्ड’ किंवा ‘रिव्होक्ड’ दिसलं पाहिजे. फोनमध्ये एकाहून जास्त यूपीआय ॲप असतील तर प्रत्येकात बघा. मग त्या खेळाच्या ॲपमध्ये जाऊनही सभासदत्व रद्द करा, आणि पिन बदला. नवा पिन नातवाच्या वाढदिवसाचा नको.

शाखेत जाताना मृत्यूच्या दाखल्याची मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स, तुमचं आधार, पॅन, पासबुक, यजमानांचं एटीएम कार्ड सापडलं तर ते, आणि एक अर्ज न्या. अर्ज गुजरातीत लिहिला तरी चालतो. तुमचं लिहिणं-वाचणं गुजरातीत जास्त सवयीचं असेल तर तोच लिहा. त्यात यजमानांचं नाव कमी करणं, त्यांचं कार्ड बंद करणं, त्यांच्या नंबरवरचं यूपीआय आणि त्यावरचे सगळे मँडेट रद्द करणं, मेसेजसाठी खात्याला तुमचा मोबाइल नंबर लावणं आणि नवा नॉमिनी नोंदवणं, हे सगळं मागा. थांबवायच्या नोंदींची तारीख, रक्कम आणि संदर्भ क्रमांक खाली लिहा. झेरॉक्सवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. तोंडी “हो, करतो” याला पुढे काही किंमत राहत नाही.

पैसे परत मिळतील का? खरं सांगायचं तर, जिथे परवानगी दिलेली होती तिथे बँक ते परत करायला बांधील नाही. मागायचे ते कंपनीकडे. गूगल प्लेवरच्या खरेदीसाठी ४८ तासांच्या आत परतावा मागणं सोपं असतं, नंतर ॲप बनवणाऱ्याला लिहावं लागतं. यजमान गेल्यानंतरच्या महिन्यांचे २९९ दाखला जोडून मागायला काही हरकत नाही, मात्र त्यावर विसंबू नका. ४९९बद्दल कंपनी दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

तेरा महिन्यांच्या कागदात एखादी नोंद अशी निघाली की जी कुणीच, कोणत्याच फोनवरून मंजूर केलेली नाही, तर गोष्ट वेगळी. ती फसवणूक. तिथे दिवस मोजले जातात. बँकेची किंवा तुमची चूक नसताना तिसऱ्याच कुणामुळे पैसे गेले आणि तुम्ही बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार तुमच्यावर काहीच भार येत नाही. चार ते सात दिवस लागले तर मर्यादित भार येतो. बँकेला लेखी कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. बँकेनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटण्याजोगं दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८.

या सगळ्या धावपळीत एक धोका आहे आणि मला तो ४९९पेक्षा कितीतरी मोठा वाटतो. कंपनीचा नंबर इंटरनेटवर शोधून फोन लावू नका. कस्टमर केअर म्हणून टाकलेले तिथले कित्येक नंबर ठगांचे असतात. ते गोड बोलतात, “परतावा देतो, हे ॲप टाका, हा कोड सांगा” म्हणतात, आणि तुमच्या फोनचा पडदा त्यांच्याकडे दिसायला लागतो. परतावा मिळवायला पिन कधीच टाकावा लागत नाही. नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो, तोच लावा. ॲपवाल्याशी ॲपच्या आतूनच बोला.

सुनेला हे पत्र वाचायला द्या. तिचं म्हणणं तुम्हाला लागलं, ते समजतं. पण एकट्यानं एवढं निस्तरू नका. शाखेत तिला सोबत न्या. नवऱ्याच्या पश्चात खात्याची माहिती घरात आणखी एका माणसाला असणं तुमच्याच हिताचं आहे, आणि ती माहिती मागाहून विचारत बसण्यापेक्षा तिनं तुमच्यासोबत काउंटरवर ऐकलेली बरी.

स्टेटमेंटमधल्या एखाद्या ओळीचा उलगडा झाला नाही तर ती तशीच्या तशी उतरवून मला पाठवा, फक्त खाते क्रमांक आणि कार्डाचे आकडे झाकून. ४९९ दर तीन महिन्यांनी कापले जातायत, म्हणजे पुढचे ऑक्टोबरात. ते मँडेट आजच रद्द करा, आणि दाखला घेऊन सोमवारी शाखेत जा.